ब्यूलीचा वाडा आणि जुन्या मोटारी: एका दिवसात काय पाहावं, काय मोजावं?

नदीपल्याड

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये राहणारे आम्ही आठ मराठी इतिहासवेडे ऑक्टोबरमध्ये एक दिवस ब्यूलीला जाणार आहोत. (स्पेलिंग वाचून 'बोल्यू' म्हटलं तर तिथला माणूस गालात हसतो. उच्चार ब्यूलीच.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १२०४ मध्ये जॉन राजाने सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना दिलेली ही जागा. १५३८ मध्ये मठ बरखास्त झाला आणि इस्टेट सरदाराकडे गेली. मठाची देवडी होती तिचंच पुढे 'पॅलेस हाउस' झालं, १८७० च्या दशकात तिला मोठी जोड मिळाली. १९५२ मध्ये तिसऱ्या लॉर्ड मॉन्टेग्यूंनी घर लोकांना खुलं केलं आणि पुढच्या दालनात पाच जुन्या गाड्या मांडल्या. आजचं नॅशनल मोटर म्युझियम तिथूनच वाढलं. त्याची सध्याची इमारत १९७२ ची.

दुसरं काम जरा जबाबदारीचं आहे. जवळच्याच एका खासगी इस्टेटीच्या मालकांनी त्यांच्या जुन्या बग्गीखान्याची नोंद करायची परवानगी दिली आहे. म्हणजे मोजमाप, फोटो आणि टिपण. तिथे पुढे मोटारी ठेवत असत असं घरातले म्हणतात. सोबत अल्बममधले मोटारीचे तीन फोटो आणि हिशेबाची एक वही मिळाली आहे.

प्रश्न असे:
१) ब्यूलीत चकचकीत गाड्यांपलीकडे काय बघावं?
२) बग्गीखान्याचा मोटारखाना कधी झाला, हे इमारतीवरून कसं ओळखायचं?
३) फोटोतल्या गाडीचं साल कसं काढायचं? नंबरप्लेट दिसते, त्यावरून कळेल का?
४) ब्यूलीचा मुंबईशी काही संबंध आहे असं कुठेतरी ऐकलं होतं. खरं आहे का?

---

पितळी_भोंगा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

गाडी नसेल तर रेल्वेने ब्रॉकनहर्स्टला उतरा, तिथून ब्यूली सुमारे १० किलोमीटर. म्युझियम, पॅलेस हाउस आणि मठाचे अवशेष एकाच तिकिटात होतात. नाताळचा दिवस सोडला तर वर्षभर उघडं असतं. बहुतेक लोक दारातून थेट म्युझियममध्ये शिरतात आणि दुपारी तीनला दमून घराकडे वळतात. तुम्ही उलटं करा. सकाळी आधी पॅलेस हाउस.

तिथल्या पुढच्या दोन मोठ्या खोल्यांत मान वर करून छत बघा. हे मुळात देवडीचं बांधकाम आहे, कमानी आणि दगडी घुमटी तशाच आहेत. आपल्याकडच्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला मागून दिवाणखाना जोडला तर कसं दिसेल, साधारण तसा प्रकार. १८७० च्या दशकातली जोड वास्तुकार आर्थर ब्लोमफील्ड यांची. जुनी भिंत आणि नवी भिंत यांच्यातला सांधा दगडाच्या घडणीवरून सापडतो का ते शोधा. बग्गीखान्यात हेच करायचं आहे, त्यामुळे डोळ्याला सराव होईल. मग गावच्या चर्चमध्ये जा. ते साधूंचं भोजनगृह होतं. भिंतीतच कोरलेला जिना आणि वर वाचनासाठीचा दगडी सज्जा अजून जागच्या जागी आहे.

म्युझियममध्ये तीन गोष्टी सावकाश बघा.

एक, १९०० च्या आसपासच्या गाड्यांची मागची चाकं. साखळीने फिरतात की शाफ्टने? साखळी उघडी असेल तर चिखल, धूळ आणि ग्रीस मिळून काय होत असेल याचा अंदाज तिथेच येतो. मोटारखान्यात धुण्याची जागा एवढी महत्त्वाची का होती, तेही कळतं.

दोन, डॅशबोर्डवरच्या काचेच्या तेलाच्या नळ्या. त्यांतून थेंब थेंब तेल इंजिनाला जायचं आणि मिनिटाला किती थेंब हे ड्रायव्हरने ठरवायचं. कमी सोडलं तर बेअरिंग जळे, जास्त सोडलं तर मागे निळा धूर आणि प्लगवर काजळी.

तीन, दिवे. बाजूचे रॉकेलचे, पुढचे मोठे कार्बाइडच्या गॅसवरचे.

जॉन मॉन्टेग्यू (दुसरे लॉर्ड, घर खुलं करणाऱ्या तिसऱ्या लॉर्डांचे वडील) यांची १८९९ ची १२ हॉर्सपॉवरची डेमलर मांडणीत आहे का, हे जायच्या आधी विचारून घ्या. गाड्या आतबाहेर होत असतात. हीच गाडी घेऊन ते त्या वर्षीच्या पॅरिस ते ऑस्टेंड शर्यतीत उतरले होते. पार्लमेंटच्या आवारात शिरलेली पहिली मोटारही त्यांचीच, दारावरच्या पोलिसाने अडवली होती. गृहस्थ नुसते हौशी नव्हते. तरुणपणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले होते. १९०३ च्या मोटर कार कायद्यासाठी संसदेत त्यांनीच खटपट केली.

वेगाच्या विक्रमाच्या गाड्यांपुढे (१९२७ ची १००० हॉर्सपॉवर सनबीम, १९२९ ची गोल्डन अ‍ॅरो) गर्दी असते. दहा मिनिटं द्या आणि पुढे चला. तुमच्या कामाच्या त्या नाहीत.

---

हँडलवाले

फोटो आणि गाडीबद्दल माझ्याकडून.

नंबरप्लेटने साल कळत नाही. सगळे इथेच फसतात. इंग्लंडात नंबर १ जानेवारी १९०४ पासून सक्तीचे झाले. १८९८ ची गाडी असली तरी तिला नंबर हा नियम आल्यावरच मिळाला. उलट जुना नंबर नव्या गाडीवर चढवण्याची पद्धतही होती. प्लेटवरून कळतं ते एवढंच, की नोंदणी कुठल्या कचेरीत झाली. 'ए' लंडन, 'एए' हॅम्पशायर, 'सीआर' साउथॅम्प्टन शहर, 'डीएल' आइल ऑफ वाइट, 'एफएक्स' डॉर्सेट, 'एएम' विल्टशायर. एक किंवा दोन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असतील तर जुनी पद्धत. तीन अक्षरी नंबर १९३२ पासूनचे.

साल काढायचं ते अंगावरच्या खुणांवरून. फोटो भिंगाखाली धरा आणि या क्रमाने बघा:

पुढच्या सीटला बाजूला दार आहे का? साधारण १९१० पर्यंत पुढे दार नसे, ड्रायव्हरचे पाय उघडे दिसत. बॉनेटपासून मागपर्यंत एक सरळ रेष आणि पुढेही दारं असतील तर १९१० च्या नंतरची.

काच आहे का? अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पुढची काच नसते.

पायफळीवर पितळी डबा आणि त्यातून दिव्यांकडे गेलेली रबरी नळी दिसते का? तो कार्बाइडचा डबा. १९१२-१३ पासून भारी गाड्यांवर विजेचे दिवे येऊ लागले, पण स्वस्त गाड्यांवर कार्बाइड बराच काळ टिकला. त्यामुळे विजेचे दिवे दिसले तर 'याच्या आधीची नाही' एवढंच म्हणा. कार्बाइड दिसला म्हणून 'याच्या नंतरची नाही' असं म्हणू नका.

बाजूला आऱ्या नसलेलं, नुसत्या कड्यासारखं चाक टांगलेलं आहे का? ती स्टेपनी! आपण आजही म्हणतो तीच. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये हा धंदा सुरू झाला. त्या काळी चाक गाडीवरून निघत नसे. मग पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला हे हवा भरलेलं जादा कडं चिमट्यांनी आवळायचं आणि घर गाठायचं. फोटोत स्टेपनी असेल तर गाडी कितीही जुनी असो, फोटो १९०४ च्या आधीचा नाही.

हा फरक वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: गाडीचं साल वेगळं, फोटोचं साल वेगळं.

इंग्लंडातल्या क्लबांची भाषा: १९०४ अखेरपर्यंत 'व्हेटरन', १९०५ ते १९१८ 'एडवर्डियन', १९१९ ते १९३० 'व्हिंटेज'. आपल्याकडे सरसकट सगळ्याला व्हिंटेज म्हणतात. तिथल्या जाणत्या माणसापुढे ते करू नका.

आता चालू करून दाखवतील अशी गाडी भेटली तर काय बघायचं. १८९० च्या दशकातल्या डेमलर आणि पानार्ड गाड्यांना स्पार्क नसायचा. सिलिंडरच्या डोक्यातून प्लॅटिनमची बारीक नळी बाहेर आलेली असते, तिच्याखाली पेट्रोलचा बर्नर. आधी थोडं स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा (स्टोव्हला पिन मारून पेटवण्याआधी करतात तसंच). मग पेट्रोल सोडायचं, नळी लालबुंद होईपर्यंत काही मिनिटं थांबायचं, तेलाच्या नळ्या उघडायच्या आणि मगच हँडल. पेटण्याची वेळ पुढेमागे करायची सोयच नाही. गव्हर्नर नावाचा भाग एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद धरून वेग आवरतो, म्हणून त्या गाड्या मध्येच ठोका चुकल्यासारख्या ऐकू येतात. बिघाड नसतो तो. जोराचा वारा सुटला तर मात्र बर्नर विझतो आणि गाडी उभी राहते. लाकडी बॉडीखाली उघडी ज्योत, वर पेट्रोलची टाकी. अशा गाड्यांना आगी लागत याचं नवल नाही.

'शोफर' हा शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ तापवणारा, म्हणजे भट्टीवाला. मालक बाहेर येण्याआधी गाडी तापवून तयार ठेवणं हेच त्याचं पहिलं काम.

त्यानंतरच्या डी दियाँ या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांसारख्या एक सिलिंडरच्या गाड्यांना कॉइल आणि बॅटरी आली. यांत स्पार्कची वेळ हाताने बदलता येते आणि चालू करताना ती मागे ठेवावीच लागते. पुढे राहिली तर हँडल उलटं झटका मारतं आणि मनगट मोडतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, गुंडाळायचा नाही, आणि खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. या इंजिनाचा आत घेणारा व्हॉल्व्ह कॅमने नव्हे तर पिस्टनच्या ओढीने उघडतो, त्याची स्प्रिंग अगदी हलकी असते. गाडी महिनाभर उभी राहिली की जुन्या पेट्रोलचा डिंक होऊन तो चिकटतो. लोक तासभर हँडल मारत बसतात. आधी बोटाने व्हॉल्व्ह दाबून सुटा आहे का ते बघावं. आणि डी दियाँच्या काही मॉडेलांत पायाखालचं पेडल दाबलं की वेग कमी होतो, वाढत नाही. आजच्या माणसाने ती चालवायला घेतली की पहिल्याच वळणावर घाम फुटतो.

---

कागदकीडा

इमारतीकडे जाण्याआधी कागद. नाहीतर दिवसभर विटा मोजून संध्याकाळी कळतं की उत्तर नकाशातच होतं.

नकाशे: ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) २५ इंची, म्हणजे मैलाला २५ इंच अशा मापाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून. १८९० च्या दशकातली आवृत्ती आणि पहिल्या महायुद्धाआधीची आवृत्ती, दोन्ही काढा. यांत काचेच्या छपराची जागा तिरक्या जाळीरेघांनी दाखवतात. बग्गीखान्याच्या दारापुढे अशी रेघाळलेली पट्टी नव्याने आलेली दिसली तर ते बहुधा गाडी धुण्यासाठीचं काचेचं छप्पर. अंगणापासून सुटी छोटी चौकोनी खोली आली असेल तर तिच्यावर खूण करून ठेवा, पेट्रोलची असू शकते.

जनगणना: १९०१, १९११ आणि १९२१. तबेल्यावरच्या खोलीत कोण राहत होतं ते बघा. १९०१ मध्ये 'कोचमन' आणि १९११ मध्ये त्याच पत्त्यावर 'शोफर' किंवा 'मोटर ड्रायव्हर' असेल तर बदलाची दहा वर्षं हाती लागली. नाव तेच असेल तर आणखी मजा. टांग्याचा लगाम सोडून स्टिअरिंग धरलेले बरेच होते.

१९१० ची जमीन-मूल्यांकनाची फील्ड बुकं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आयआर ५८' या मालिकेत आहेत. त्यांत इस्टेटीतल्या एकेका इमारतीचं वर्णन सापडतं. पण पोर्ट्समथ, साउथॅम्प्टन आणि विंचेस्टर भागातली पुष्कळशी बुकं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. तुमची इस्टेट नेमकी त्याच पट्ट्यात पडते. लंडनचं तिकीट काढण्याआधी सूची तपासा.

मोटार नोंदणीची रजिस्टरं त्या त्या काउंटीच्या कचेरीत असत. १९७० च्या दशकात सगळं स्वान्सीला एका ठिकाणी गेलं, तेव्हा काही ठिकाणी जुनी रजिस्टरं रद्दीत गेली आणि काही अभिलेखागारात पोचली. विंचेस्टरच्या हॅम्पशायर रेकॉर्ड ऑफिसला नंबर कळवून विचारा. तिथे नसेल तर पूर्वीच्या किटहेड ट्रस्टला (आता 'द बस आर्काइव्ह') विचारा, वाचलेली पुष्कळ कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत.

आणि वही! वहीत काय आहे ते सांगा. हिशेबाची वही फोटोपेक्षा जास्त बोलते.

---

नदीपल्याड

सगळ्यांचे आभार. परवा अर्धा दिवस प्राथमिक पाहणी केली, ती देतो.

इमारत विटांची, कौलारू, तीन मोठी दारं. आत डावीकडच्या दोन गाळ्यांत विटांची फरसबंदी आहे आणि तिच्यात उथळ पन्हळ. उजव्या गाळ्यात सपाट सिमेंट. त्याच गाळ्यात फळ्यांनी झाकलेला खड्डा: लांबी १२ फूट, रुंदी २ फूट ९ इंच, खोली ४ फूट ६ इंच, तळाशी वीतभर पाणी. मागच्या भिंतीला लागून जाड बिडाचा पाइप, बाहेर पडक्या बॉयलरची जागा. अंगणाच्या टोकाला सुटी विटांची खोली, साधारण ६ फूट बाय ५ फूट, दाराचा उंबरठा विचित्र उंच. आत दोन गंजके पत्र्याचे डबे, पितळी बूच.

वहीत १९१२ च्या पानावर: मोटार परवाना ६ पौंड ६ शिलिंग. त्याखाली 'आर्मोरियल' २ पौंड २ शिलिंग. 'मेल सर्व्हंट्स' ३ पौंड.

फोटोत 'एए' आणि चार आकडे दिसतात, शेवटचा पुसट आहे.

---

कागदकीडा

वही उत्तम! एकेक ओळ घेऊ.

१९१० पासून मोटारीवरचा कर हॉर्सपॉवरच्या पायऱ्यांनी होता. साडेसहापर्यंत २ पौंड २ शिलिंग, १२ पर्यंत ३ पौंड ३, १६ पर्यंत ४ पौंड ४, २६ पर्यंत ६ पौंड ६, ३३ पर्यंत ८ पौंड ८, ४० पर्यंत १० पौंड १०, ६० पर्यंत २१ पौंड आणि त्यावर ४२. म्हणजे तुमची गाडी १६ ते २६ हॉर्सपॉवरमधली. बहुधा एकच गाडी, कारण दोन गाड्यांच्या दरांची बेरीज ६ पौंड ६ अशी यायला दोन्ही साडेसहा ते १२ मधल्या लागतील (३ पौंड ३ दुप्पट), नाहीतर एक साडेसहापर्यंतची आणि दुसरी १२ ते १६ मधली (२ पौंड २ अधिक ४ पौंड ४). त्या शक्यता फोटोवरून तपासा. गाडी मोठी दिसत असेल तर प्रश्न मिटला.

ही हॉर्सपॉवर खरी ताकद नव्हे, कागदी आहे. सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येने गुणा, १६१३ ने भागा. उदाहरणार्थ ९० मिमी व्यासाचे चार सिलिंडर: ८१०० गुणिले ४ भागिले १६१३, म्हणजे २०.१. पिस्टन किती खालीवर जातो याचा हिशेबच नाही. त्यामुळे कर वाचवायला इंग्रज कारखानदार अरुंद आणि लांब सिलिंडरची इंजिनं करत राहिले. उमेदवार गाड्यांची यादी झाली की प्रत्येकीला हे गणित लावा, निम्म्या गळतील.

'आर्मोरियल' म्हणजे घराण्याचं चिन्ह वापरण्याचा कर. नुसतं कागदावर किंवा चांदीच्या भांड्यावर वापरलं तर १ पौंड १ शिलिंग, गाडीच्या दारावर रंगवलं तर २ पौंड २ शिलिंग. तुमच्या वहीत मोठा दर आहे, म्हणजे चिन्ह एखाद्या वाहनावर होतं. फोटोत मोटारीच्या मागच्या दारावर भिंगाने शोधा. तिथे नसेल तर बग्गीवर होतं आणि १९१२ मध्ये बग्गी अजून वापरात होती असा अर्थ निघतो. विटांचे दोन गाळे शाबूत आहेत, त्याच्याशी हे जुळेल.

पुरुष नोकरामागे कर १५ शिलिंग (एका पौंडाचे २० शिलिंग). ३ पौंडांत चार नोकर. शोफरही यातच मोजत.

---

पितळी_भोंगा

इमारतीचं चित्र तर स्वच्छ दिसतंय. तीन गाळ्यांपैकी एकच मोटारीला दिला आणि बाकी दोन बग्ग्यांकडे राहिले. विटा आणि पन्हळ बग्गीखान्याची. पन्हळ काढायचं कारण धुण्याचं पाणी. मोटार आली की तेल विटांत मुरतं, वास जात नाही आणि वीट निसरडी होते, म्हणून सिमेंट.

पण खड्डा (गाडीखाली उतरून दुरुस्ती करायचा) आणि सिमेंट एकाच वेळचे आहेत असं धरू नका. फळ्या काढून खड्ड्याची कड बघा. सिमेंट सलग वळून कडेला आलं असेल तर एकाच वेळचं. सिमेंट कापून मग कडेला वेगळ्या रंगाचा थर भरला असेल तर खड्डा नंतरचा. विटांमधला माल चुन्याचा की सिमेंटचा, तेही नखाने खरवडून बघा. चुना नखाला भुगा देतो. भिंतीत हातभर खोलीवर कोनाडे असतील तर दिवा आणि हत्यारं ठेवायचे, त्यांची मापं घ्या.

खड्ड्यात उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठते. शंभर वर्षांपूर्वीचं पेट्रोल उडून गेलं असेल, पण साचलेलं पाणी, कुजका पाला आणि बंद जागा हे स्वतःच घातक आहे. वरूनच काठीला टेप बांधून खोली घ्या, विजेरी दोरीने सोडा. कुजक्या फळीवर पाय देऊ नका.

जाड बिडाचा पाइप गरम पाण्याचा, काचघरात वापरत तसाच. तेव्हा रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं औषध सर्रास नव्हतं. थंडीत पाणी गोठलं की इंजिनाचा ब्लॉक तडकायचा. एकतर रोज रात्री पाणी काढा, नाहीतर खोली उबदार ठेवा. बॉयलर बाहेर आणि त्याचं तोंड मोटारखान्यात उघडत नाही, हे मुद्दाम नोंदवा. पेट्रोलजवळ जाळ नको म्हणून तशी रचना करत. भिंतीत त्या बाजूला बुजवलेलं दार तर नाही ना, ते बघा.

उंच उंबरठ्याची खोली पेट्रोलची असणार. सांडलेलं पेट्रोल बाहेर वाहू नये म्हणून उंबरठा उंच. खाली आणि वर हवेची भोकं आहेत का? त्या काळच्या नियमात एका साठ्यात ६० गॅलनपेक्षा जास्त पेट्रोल ठेवता येत नसे. डबे दोन गॅलनचे, म्हणजे जास्तीत जास्त ३० डबे. फळ्यांच्या खुणा मोजून किती डबे मावत होते ते काढा, नुसता अंदाज नको. मुख्य इमारतीपासूनचं अंतरही टेपने घ्या. २० फुटांच्या आत असेल तर स्थानिक कचेरीला कळवावं लागे, आणि कळवलं असेल तर कुठेतरी कागद असेल.

डबे घासू नका! तळ वर करून तिरक्या उजेडात फोटो काढा. तळावर बऱ्याचदा कारखान्याचं नाव आणि महिना-वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. बाजूला प्रॅट्स, शेल असं उठावाचं नाव. बुचावरचं नाव आणि डब्यावरचं नाव वेगळं निघालं तर दचकू नका, बुचं अदलाबदल होत.

---

हँडलवाले

पुसट आकड्यासाठी एक युक्ती. तिन्ही फोटो मोठ्या रिझोल्युशनने स्कॅन करा, मूळ प्रतीच्या मागे काळा कागद ठेवून. दुसऱ्या फोटोत मागची प्लेट आली असेल तर तीही वाचा. पुढच्या प्लेटवर धूळ बसते, मागच्या प्लेटला दिवा असतो आणि ती पुसायची सवय असते. तरीही अडलं तर रजिस्टरमध्ये दहाच शक्यता तपासायच्या आहेत. मालकाच्या नावावरून नेमकी सापडेल.

वर एक दुरुस्ती सुचवतो, कुणी लिहिलेलं नाही पण ब्यूलीत हमखास ऐकाल म्हणून. 'मॉन्टेग्यूंनी १८९९ मध्ये युवराजांना (पुढचे राजे सातवे एडवर्ड) पहिल्यांदा मोटारीत बसवलं' असं सांगतात. त्यांनी फिरवलं हे खरं, पहिल्यांदा हे नाही. युवराज १८९६ मध्ये लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमधल्या प्रदर्शनात मोटारीत बसले होते. तसंच 'मोटारीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालायचा' हे मोटारींच्या बाबतीत जवळजवळ दंतकथाच. निशाणाची सक्ती १८७८ मध्येच सैल झाली होती. पुढे चालणारा माणूस मात्र नोव्हेंबर १८९६ पर्यंत कायद्यात होता.

---

बंदरावरचा

चौथा प्रश्न राहिलाच. मुंबईचा संबंध खरा आहे, आणि दुःखाचा आहे.

जॉन मॉन्टेग्यू पहिल्या महायुद्धात भारत सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार होते. डिसेंबर १९१५ मध्ये ते पी अँड ओ कंपनीच्या 'पर्शिया' जहाजाने मुंबईला निघाले. सोबत त्यांची सचिव एलिनॉर थॉर्नटन. ३० डिसेंबरला दुपारी, प्रवासी जेवायला बसलेले असताना, क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडी यू-३८ ने न बजावता टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. तीनशेहून जास्त माणसं बुडाली, थॉर्नटन त्यांत होत्या. मॉन्टेग्यूंनी हवा भरायचं जाकीट घातलं होतं. एका दिवसाहून जास्त वेळ समुद्रात काढून ते वाचले आणि परतल्यावर वर्तमानपत्रांत स्वतःचे मृत्युलेख वाचले.

रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची पंख पसरलेली बाई चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये केली. तिच्यासाठी थॉर्नटनच नमुना होत्या असं सर्वत्र मानतात. साइक्स हे मॉन्टेग्यूंच्या 'द कार इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाचे चित्रकार होते. त्याआधी त्यांनी मॉन्टेग्यूंच्या स्वतःच्या गाडीसाठी ओठांवर बोट ठेवलेली छोटी मूर्ती केली होती, तिचं नाव 'द व्हिस्पर'.

'पर्शिया'च्या खुणा बघायला ब्यूलीपासून नदीकाठाने अडीचेक मैल चालत बकलर्स हार्डला जा. एकेकाळी तिथे आरमाराची जहाजं बांधत, नेल्सनचं 'अ‍ॅगामेम्नॉन' १७८१ मध्ये तिथूनच पाण्यात उतरलं. तिथल्या सागरी संग्रहालयात 'पर्शिया'च्या बुडीत अवशेषांतून वर काढलेल्या वस्तू आहेत. तिकीट वेगळं. वाट ओली असते, ऑक्टोबरमध्ये साधे बूट नकोत. शिवाय पाच वाजल्यानंतर झाडीत लवकर अंधारतं, तेव्हा जाताना चालत आणि येताना गाडीने असं ठरवा.

---

नदीपल्याड

भिंग लावून पाहिलं. मोटारीच्या मागच्या दारावर चिन्ह नाही. पण तिसऱ्या फोटोत, मोटारीच्या मागे अर्ध्या उघड्या दारातून बग्गीचं चाक आणि दाराचा कोपरा दिसतो, आणि त्या कोपऱ्यावर काहीतरी रंगवलेलं आहे. स्कॅन शनिवारी करतो. पायफळीवर पितळी डबा आहे, नळी आहे. स्टेपनीही आहे.

---

कागदकीडा

म्हणजे दोन गाळे बग्गीचेच. स्कॅन १२०० डीपीआयला करा, आणि रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना 'एए'पुढचे वाचता येणारे तीन आकडे, शेवटच्या आकड्याच्या शक्यता आणि मालकाचं आडनाव हे सगळं पहिल्याच पत्रात द्या. एकेक विचारत बसलात तर नाताळ येईल.